पतंग काढा म्हटलं की मुलं फुलपाखरू का काढतात, आणि ते कसं थांबवायचं

पावसाळ्यात चित्रकलेच्या वर्गात "रात्रीचे पतंग" (म्हणजे दिव्याभोवती फिरणारे किडे) हा विषय दिला की काय होतं ते आधी सांगते. वीस मुलं असतील तर पंधरा-सोळा जण नेहमीचं फुलपाखरू काढतात आणि त्याला चॉकलेटी रंग फासतात, दोघंतिघं काळ्या कागदावर पिवळा चंद्र काढून मोकळी होतात, आणि आमच्या बडोद्यात तर उरलेले सरळ किन्ना बांधलेला, हवेत उडवायचा पतंग काढतात, शेपटीसकट, कारण इथे पतंग म्हटलं की डोक्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंग उडवायचा सणच येतो. म्हणून वर्गात नुसतं पतंग म्हणूच नका. घरी गुजराती ऐकणारी मुलं याला फुदं म्हणतात, मराठी घरातली ट्यूबलाइटचा किडा म्हणतात, जो शब्द चालतो तो घ्या, पण पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच प्राणी आला पाहिजे.

मी दांडिया बाजारात घरीच शनिवार-रविवारी वर्ग घेते, मुलं साधारण सात ते तेरा वयाची. हा विषय मी बरीच वर्षं चुकीच्या क्रमाने शिकवला. आधी कागद, मग पंख, मग रंग आणि शेवटी मागे काळं. आता क्रम पूर्ण उलटा केलाय. खाली जे आहे ते दीड-दीड तासाच्या तीन वर्गांचं आणि एका संध्याकाळचं काम आहे. एका वर्गात उरकायचं असेल तर हा विषय घेऊ नका, दुसरं काहीतरी घ्या.

१. सामान, आणि काय मुद्दाम आणायचं नाही

कार्ट्रिज पेपर, जरा जाडसर. पोस्टर कलर. ब्रश तीन पुरे: एक चपटा मोठा, एक सहा नंबरचा गोल, एक शून्य किंवा एक नंबरचा बारीक. शिवाय एक जुना, केस फिस्कारलेला ब्रश, जो आई फेकून द्यायला निघाली असेल तोच, तो पुढे फार कामाला येतो. फोर-बी पेन्सिल, बटर पेपर, पांढरा खडू, स्टीलचा चमचा, सुती चिंधी, पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा) आणि टेबलावर पसरायला पस्ती, म्हणजे आपली रद्दी.

काळं स्केचपेन वर्गात येऊ देऊ नका. काळ्या रंगाची बाटली कपाटात ठेवा. मुलं मागतील, रुसतील, तरी देऊ नका, कारण पुढे सातव्या पायरीत सांगते.

आणि काळा कार्डपेपर आणून त्यावर वॉटर कलर देण्याची चूक करू नका, मी केली आहे. रंग ओला असताना चमकतो, मुलं खूश, आपणही खूश, आणि वाळल्यावर कागदावर काहीच नाही. वॉटर कलर पारदर्शक असतो, खालचा काळा त्याला गिळून टाकतो. अठरा कागद पंख्याखाली वाळत घातले होते आणि पंधरा मिनिटांनी अठराच्या अठरा कोरे काळे. एक मुलगी म्हणाली, टीचर, ते उडून गेले.

२. चादरीची संध्याकाळ

फोटोवरून सुरुवात करू नका. नेटवरच्या बहुतेक फोटोत पतंगाचे चारही पंख टाचणी लावून पसरवलेले असतात आणि मुलं तेच काढतात, मग ते फुलपाखरूच होतं. जिवंत पतंग भिंतीवर कसा बसतो हे एकदा बघितलं की अर्धं काम झालं.

जून अखेर ते ऑक्टोबर हा चांगला काळ. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग बघण्याचा आठवडा असतो, नॅशनल मॉथ वीक नावाचा, तो धरून ठरवलं तर पालकांना समजवायला सोपं जातं. अमावास्येच्या आसपासची, उकाड्याची, वारा पडलेली रात्र निवडा. पौर्णिमेला आणि वाऱ्यात फारसं कुणी येत नाही. गच्चीत किंवा कंपाउंडमध्ये दोरीवर पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुत्या नकोत, खालचं टोक जमिनीवर थोडं पसरू द्या कारण बरेचसे खालीच बसतात. समोर पांढरी ट्यूब किंवा जुना सीएफएल. पिवळसर एलईडी लावलात तर तासभर डासच मोजत बसाल, त्यात किड्यांना ओढणारा जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश जवळपास नसतोच. साडेसात ते साडेनऊ एवढा वेळ पुरे, मुलांना त्याच्यापुढे झोप येते.

जागा निवडताना एकच सांगते, विश्वामित्री नदीच्या काठाला जाऊ नका. झाडी भरपूर आहे म्हणून मोह होतो, पण तिथे मगरी आहेत, आणि हे मी गमतीने म्हणत नाहीये.

मुलांच्या हातात फक्त पेन्सिल आणि छोटी वही. रंग नाही, रबर नाही. प्रत्येकाने पाच पतंग शोधायचे आणि प्रत्येकाचा फक्त बाहेरचा आकार काढायचा, तोही एका मिनिटात. बाजूला लिहायचं: किती मोठा (नखाएवढा, चॉकलेटएवढा, तळहाताएवढा), डोकं कुठल्या बाजूला, मागचे पंख दिसतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

सावध: बोट लावायचं नाही. पंखावरची पावडर म्हणजे बारीक खवले असतात, ते एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. केसाळ सुरवंट दिसला तर लांबूनच, अंगाला खाज सुटते. आणि तांदळाच्या दाण्यासारखा लांबुळका, नारिंगी-काळा किडा अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, नाहीतर त्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. हे मुलांना आधी सांगा, तिथे गेल्यावर कुणी ऐकत नाही.

जवळून बघायचं असेल तर झाकणाला भोकं पाडलेली पारदर्शक डबी अलगद वरून ठेवा, मागून कागद सरकवा, वीस मिनिटं बघा आणि सोडा. मेलेले पतंग मात्र खुशाल गोळा करा. ट्यूबलाइटच्या पट्टीत, खिडकीच्या चौकटीत भरपूर सापडतात, मऊ ब्रशने उचलून काडेपेटीत कापसावर ठेवले की वर्गात कामाला येतात. भिंतीवरचं मॉडेल भरवशाचं नसतं. गेल्या वर्षी आम्ही नऊ जण गोल करून एका सुंदर हिरव्या पतंगाचं स्केच करत होतो आणि पालीने तो आमच्यादेखत खाल्ला, दोन मुलं रडली, एकाने मात्र पालच काढली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं चित्र तेच होतं.

बघून घ्या: वहीत पाचपैकी निदान तीन आकार एकमेकांपेक्षा वेगळे आहेत ना? पाचही फुलपाखरांसारखे असतील तर त्या मुलाने बघून काढलेलं नाही, आठवून काढलंय. त्याला पुन्हा चादरीजवळ न्या.

३. आकार: आधी सावली, मग रेघ

वर्गात पहिल्या दिवशी पेन्सिल देऊच नका. रद्दीवर चपट्या ब्रशने, एकाच रंगात, वहीतले पाच आकार मोठे करून भरायला सांगा. नुसत्या सावल्या. आत रेषा नाही, डोळे नाहीत, काही नाही. मुलं रेघेपासून सुरुवात करतात आणि रेघ काढली की पंख वळणदार व्हायला लागतात, ब्रशने भरलं की आकार आपोआप सरळ येतो.

सावल्या भिंतीवर लावा आणि गट पाडा. बहुतेक वेळा तीनचार गट निघतात. एक, कौलारू घराच्या छपरासारखे, वरून बघितलं की निमुळता त्रिकोण. दुसरे विमानासारखे, पंख मागे तिरके वळलेले आणि धड जाड, हे हॉक मॉथ. तिसरे भिंतीला सपाट चिकटलेले, चारही पंख पसरून. काही अगदी काडीसारखे गुंडाळलेले असतात. मुलांना ही नावं द्यायला सांगा, आमच्याकडे छप्पर, जेट, चटई आणि बिडी अशी पडली आहेत, बिडी मी बदलून लवंग करायचा प्रयत्न केला पण ते काही टिकलं नाही.

आता प्रत्येकाने एक गट निवडायचा आणि पुढचे दोन आठवडे तोच.

इथे नेहमीची चूक: छप्पर गटाच्या पतंगाला मुलं मागचे पंख काढतातच. बसलेला असताना ते पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात, दिसत नाहीत, म्हणजे काढायचे नाहीत. "पण टीचर, चार असतात ना!" असतात. दोन खाली आहेत. हे पटवायला मी दोन हात समोर पालथे ठेवते आणि दुसऱ्या दोन मुलांचे हात त्याखाली घालते, मग विचारते आता वरून किती दिसतात. वाद मिटतो.

४. धड, पाय, मिशा

पतंगाचं धड फुलपाखरापेक्षा जाड आणि लोकरीसारखं. मुलं फुलपाखराची काडी काढतात आणि मग त्यावर केस लावतात, तो बाटली धुवायचा ब्रश दिसतो. धड काढताना शेंगदाणा डोळ्यासमोर ठेवायला सांगा, हॉक मॉथ असेल तर टोकदार गाजर.

पाय सहा, आणि सगळे मधल्या भागाला, म्हणजे छातीला. पोटाला पाय नाहीत. वरून बघताना बहुतेक वेळा पुढचे दोनच दिसतात, तेवढेच काढायचे. सहा काढलेच पाहिजेत असा हट्ट विज्ञानाच्या वहीत ठीक आहे.

मिशांचं प्रकरण जरा सांभाळून. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी बहुतेक वेळा धाग्यासारखी किंवा पिसासारखी. पण सगळ्यांना पिसं लावायची मुलांना हौस. पिसासारख्या रुंद मिशा टसर किंवा चंद्र पतंगासारख्यांच्या, त्यातही नराच्या ठळक. बऱ्याच पतंगांच्या अगदी बारीक असतात, आणि बसले की त्या मागे वळवून पंखाखाली लपवतात, मग तुम्हाला दिसतच नाहीत. वहीत दिसली नसेल तर चित्रात पण नको. आत्ता फक्त जागा ठरवा, मिशा रंगवायच्या सगळ्यात शेवटी.

कोणते पतंग घ्यायचे हे विचारतात, म्हणून माझे चार आवडते. कण्हेरीवरचा ओलिएंडर हॉक मॉथ, हिरव्या रंगात गुलाबी-पांढऱ्या लाटा, सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर किंवा चांदणी असेल तर सापडायची शक्यता चांगली. पावसाळ्यात जिन्यातल्या भिंतीवर येऊन बसणारा मोठा तपकिरी घुबड पतंग, ज्याच्या पुढच्या दोन्ही पंखांवर डोळ्यासारखा ठिपका असतो. एरंडावरचा पतंग, आपल्याकडे एरंडाची शेती मुबलक असल्यामुळे हा दिसतोच, वरून राखाडी-तपकिरी, कंटाळवाणा, आणि उडताना मागचा पंख उघडला की काळ्यावर पांढरे पट्टे. आणि चौथा, तागावर (सनहेम्प, गोणपाटाचा ज्यूट नाही) वाढणारा पांढरा छोटा पतंग, अंगभर लाल-काळे ठिपके, कुणीतरी रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे. सगळे पतंग मातकट असतात ही समजूत तोडायला शेवटचे दोन दाखवाच.

५. चमचा आणि बटर पेपर

दोन्ही पंख सारखे येत नाहीत म्हणून मुलं रबर घासून कागद फाडतात. त्याऐवजी हे करा.

बटर पेपरचा तळहाताएवढा तुकडा घ्या, अर्धा दुमडा आणि उघडा. घडी म्हणजे पतंगाचा कणा. घडीच्या एकाच बाजूला, फोर-बी पेन्सिलने दाबून, अर्धं डोकं, अर्धं धड आणि एका बाजूचे पंख काढा. आता पेन्सिलची बाजू आत ठेवून पुन्हा दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घट्ट घासा, एकाच दिशेने, पुढेमागे नको नाहीतर रेघ दुहेरी होते. उघडलंत की दुसऱ्या बाजूला फिकट रेघ उमटलेली असते. ती गडद करा. झाला पूर्ण पतंग.

मुलांना यात जादू वाटते आणि ते चमचा घेऊन सगळंच घासायला लागतात, पाच मिनिटं घासू द्या.

दोन गोष्टी बघा. घडीला चिकटून अर्धंच धड काढलंय ना? अनेकजण पूर्ण धड काढतात आणि मग उघडल्यावर जुळे पतंग निघतात. आणि पंखांची नक्षी आत्ताच काढायची, फक्त मोठ्या रेषा, ठिपके नंतर.

छप्पर गटातल्या काहींचा एक पंख दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो. वहीत तसं टिपलं असेल तर उघडल्यावर एका बाजूची कड हाताने थोडी पुढे ओढा. तेवढ्यानेच चित्र जिवंत वाटतं, छापल्यासारखं राहत नाही.

कागद दुमडून एका बाजूला रंग टाकून दाबायची जुनी युक्ती या विषयात वापरू नका. छान दिसतं, झटपट होतं, आणि त्यातून नेहमी फुलपाखरूच निघतं.

६. रात्र आधी, पतंग नंतर

इथेच सगळ्यात जास्त चित्रं वाया जातात. मुलं पतंग मन लावून रंगवतात, दीड तास घालवतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मागे गडद रंग भरायला घेतात, मोठा ब्रश पंखावर जातो, मिशा बुडतात, रडारड. म्हणून मागचं सगळं आधी रंगवून पूर्ण वाळवायचं, पतंगाची जागासुद्धा न सोडता.

रात्र म्हणजे काळी नाही. पतंग जिथे खरोखर बसतो ती जागा आठवा, ट्यूबलाइटखालची चुन्याची भिंत, जिन्याची फरशी, जाळी, झाडाचं खोड. मी तीनच पर्याय देते.

भिंत: कागदाच्या एका कोपऱ्यात दिवा आहे असं धरायचं. तिथे पांढऱ्यात थेंबभर पिवळा आणि हिरवा, तिथून लांब जाताना राखाडी, मग निळसर राखाडी. चपटा ब्रश, रंग ओला असतानाच पुढचा जोडायचा. कागदावर वाळला की जोड दिसतो, म्हणून तिन्ही रंग आधी पॅलेटमध्ये तयार ठेवून मगच पहिला फटका.

खोड: पातळ कागद कमाटी बागेतल्या झाडाच्या सालीवर धरून, वेष्टण काढलेला मेणखडू आडवा घासून आणायचा. साल आपोआप उतरते. कार्ट्रिज पेपर यासाठी जाड पडतो, पातळ कागदावर घ्या आणि मग जाड कागदावर चिकटवा. मेणावर पोस्टर कलर नीट बसत नाही, त्यामुळे खोड निवडणाऱ्यांनी पतंग वेगळ्या कागदावर रंगवायचा, कापायचा आणि फक्त धडाखाली गोंद लावून चिकटवायचा, पंख मोकळे.

हवा: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळा, खोल गडद रंग होतो. निळा जास्त घातला तर थंड रात्र, अंबर जास्त घातला तर दमट, पावसाआधीची.

थांबा: इथे वर्ग संपवा. खरंच. पावसाळ्यात आपल्याकडे पोस्टर कलर लवकर वाळत नाही, वरून कोरडा वाटतो आणि आतून ओला. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागलं म्हणजे अजून ओलं आहे.

७. तपकिरी बनवायचा, बाटलीतून काढायचा नाही

दुसऱ्या वर्गाची पहिली वीस मिनिटं फक्त रंग मिसळणे. रद्दीवर नाही, पांढऱ्या कागदावर. नारिंगीत निळा, लालमध्ये हिरवा, पिवळ्यात जांभळा. तिन्हींतून तपकिरी निघतो आणि तिन्ही वेगळे. प्रत्येकात पांढरा घालून अजून दोन फिकट पायऱ्या करायच्या. म्हणजे नऊ चौकोन होतात. मग काडेपेटीतला मेलेला पतंग त्या चौकोनांवर ठेवून बघायचं, कुठला सगळ्यात जवळ जातो. हे एकदा केलं की मुलांना स्वतःच कळतं की पतंग चॉकलेटी नव्हता, कुणाचा मेंदीचा होता, कुणाचा जुन्या पैशासारखा, कुणाचा चहाच्या डागासारखा.

काळा का नाही ते आता सांगते. मुलाच्या हातात काळा असला की प्रत्येक रंग गडद करायला तो तेच घालतो, आणि पिवळ्यात काळा घातला की शेवाळी चिखल होतो, नारिंगीत घातला की मळकट. सगळ्या वर्गाची चित्रं एकसारखी दिसायला लागतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचा गडद पुरेसा काळा दिसतो आणि त्यात जीव असतो.

पोस्टर कलरचा एक त्रास लक्षात ठेवा, गडद रंग वाळल्यावर थोडा फिका होतो आणि फिका थोडा गडद. म्हणून चौकोन वाळेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही.

किती पाणी? ताकाएवढा पातळ नको, श्रीखंडाएवढा घट्ट नको. घोटलेल्या दह्यासारखा. फार घट्ट लावला की वाळल्यावर भेगा पडतात आणि टवके निघतात.

८. पंख: मोठं आधी, बारीक नंतर

बटर पेपरच्या मागच्या बाजूला पांढरा खडू घासा, वाळलेल्या रात्रीवर ठेवा, चिकटपट्टीचा एक तुकडा वर लावा, आणि बॉलपेनने रेषा गिरवा. खाली पांढरी रेघ उतरते. कुठे ठेवायचा? मधोमध नको. किंचित एका बाजूला, किंचित तिरका. मुलं सगळं मधोमध ठेवतात, आणि पतंग नोटिसबोर्डावर लावलेला वाटतो.

आता क्रम असा. आधी पूर्ण आकारात एकच फिका रंग, जरा घट्ट, एकाच हाताने, पुन्हा पुन्हा न घासता. खालचा रंग पाण्याने परत सुटतो, म्हणून तिथल्या तिथे ब्रश फिरवला की खालची रात्र वर येते आणि पंख मळतो. हा थर वाळू द्या. मग मोठे पट्टे, लाटा. पुन्हा वाळू द्या. मग डोळ्यासारखे ठिपके. बारीक रेषा नंतर.

पट्टे काढताना मुलांना सांगा की डाव्या पंखावरची लाट धडाखालून जाऊन उजव्या पंखावर निघाली पाहिजे, साडीचा काठ जसा निऱ्यांतून पुढे जातो तसा. घुबड पतंगात हे फार स्पष्ट दिसतं. दोन पंखांवर दोन वेगळ्या नक्ष्या असल्या की पतंग तुटतो.

डोळ्याचा ठिपका नुसता गोल नसतो. आधी गडद गोल, त्यात थोडा खाली सरकलेला फिका गोल, आणि एका कडेला चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ. ती रेघ दोन्ही पंखांवर दिव्याच्या बाजूला असली तर तो डोळा बघायला लागतो. मी हे फळ्यावर मोठं करून दाखवते, कधीही मुलाच्या कागदावर नाही. मुलाच्या कागदावर शिक्षकाने एक जरी रेघ मारली तरी उरलेलं चित्र त्याचं राहत नाही. कुणी अडलं तर चिठोरी घ्या आणि तिच्यावर काढून दाखवा.

बाहेरची जाड रेघ मारू देऊ नका. पंखाची कड मऊ असते. कड रात्रीत हरवत असेल तर पंखाचा रंग बदलू नका, कडेजवळची रात्र थोडी गडद किंवा थोडी फिकी करा.

बघून घ्या: कागद हातभर लांब धरून डोळे किलकिले करून बघा. पतंगाचा आकार ओळखू येतो ना? येत नसेल तर आत्ताच सुधारा, ठिपके घालून तो सुधारणार नाही.

९. लव

हा माझा सगळ्यात आवडता भाग. तो जुना फिस्कारलेला ब्रश घ्या, रंगात टेकवा, चिंधीवर जवळपास सगळा पुसून टाका, इतका की वाटलं पाहिजे आता काहीच उमटणार नाही. मग धडावर डोक्याकडून शेपटीकडे, अगदी छोटे, हलके फटके. गडद आधी, मग मधला, शेवटी फिका. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवतो ती दिशा. आमच्या वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा हे करताना श्वास रोखून धरतो, मग एकदम सोडतो, आणि त्याच्या पतंगाची मान खरंच शालीत गुंडाळल्यासारखी दिसते.

ब्रश ओला राहिला तर लव येत नाही, डाग येतो. प्रत्येक वेळी आधी रद्दीवर एक फटका मारून बघायचा.

१०. शेवटची पंधरा मिनिटं

आता मिशा. बारीक ब्रश, रंग जरा पातळ, आणि मनगट कागदावर टेकलेलं. पिसासारखी असेल तर आधी मधली दांडी, मग दोन्ही बाजूंना कंगव्याचे दात. हात थरथरणाऱ्या मुलांना टूथपिक द्या, ते ब्रशपेक्षा बरं चालतं.

मग सावली. भिंत निवडली असेल तर दिव्याच्या उलट बाजूला पंखाखाली निळसर राखाडीची अगदी अरुंद पट्टी. रुंद केली की पतंग हवेत तरंगायला लागतो. मग डोळ्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. बास. इथे कागद काढून घ्या, सहीसाठी परत द्या. अजून पाच मिनिटं दिलीत तर चांदण्या येतात, चंद्र येतो, एकदा एकाने स्पायडरमॅन आणला.

लहान मुलांसाठी

सात-आठ वर्षांच्यांना वरचं सगळं झेपत नाही. त्यांच्यासाठी पांढरा कागद, आणि चमच्याने उमटवलेला बटर पेपर थेट पालथा ठेवून परत घासायचा, दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे उलटा उतरला तरी फरक पडत नाही. मग पंखांच्या रेषांवर मेणबत्ती दाबून फिरवायची आणि वरून वॉटर कलरचा पातळ हात. मेण पाणी घेत नाही, रेषा पांढऱ्या राहतात. मेणबत्ती फिरवण्याआधी पेन्सिल हलकी करून घ्या, मेणाखालची पेन्सिल नंतर खोडता येत नाही. आणि इथे पोस्टर कलर नको, तो जाड असतो, मेणावर धड बसतही नाही आणि रेषा पांढऱ्या राहूही देत नाही.

अकरा-बारा वर्षांच्यांना मात्र एकाच पतंगाची दोन चित्रं द्या, एक बसलेला आणि एक उडताना मागचे पंख उघडलेला. एरंडाचा पतंग यासाठी उत्तम. पहिल्यात तो मातीचा ढेकूळ वाटतो आणि दुसऱ्यात त्याच कागदाच्या शेजारी काळा-पांढरा झगझगीत.

हे बिघडतंच, तेव्हा

रंग पंखाबाहेर पसरला: ओल्या चिंधीने पुसू नका, डाग मोठा होतो. कोरडा कापूस टेकवून टिपा, पूर्ण वाळू द्या, मग मागच्या रात्रीच्या रंगाने झाका. तो रंग जपून ठेवलाय ना? मागचा रंग उरला की झाकणबंद डबीत थोडा ठेवायचाच, तोच रंग पुन्हा बनत नाही.

कागद वळला: पूर्ण वाळल्यावर पालथा करून वहीखाली रात्रभर दाबा. ओला असताना दाबलात तर वहीला चिकटेल.

घरी जाऊन "जरा नीट केलेलं" चित्र परत आलं: हे दरवर्षी होतं. स्केचपेनची कड आलेली असते, पतंगाला हसरं तोंड असतं. आता मी चित्रं तिसऱ्या वर्गापर्यंत घरी देतच नाही.

आणि वर्गात बघायला कुणी डबीतून जिवंत पतंग आणला असेल, तर वर्ग संपल्यावर त्याचं काय? दुपारी उघड्यावर सोडू नका, कोतवाल आणि बुलबुल वाटच बघत असतात. सात वाजेपर्यंत डबी सावलीत ठेवा, मग कुंपणाच्या कण्हेरीखाली तिचं झाकण काढून ती आडवी ठेवा आणि दिवा बंद करून आत या. सकाळी डबी रिकामी असते. ती धुऊन वाळवा, पुढच्या वर्गाला लागते.